उंच केलेली गाडी

डिसेंबर २००६, जत्रेच्या आधीचा रविवार, सकाळ. हजर: दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, बिल्डिंगच्या ओट्यावर खुर्ची टाकून. धाकटा भाऊ गाडीखाली, फक्त पाय दिसत होते. वहिनी, दादाची बायको, तळमजल्याच्या खिडकीत तांदूळ निवडत. मी उन्हात, हातात पॅड आणि पेन.

"झालं का रे?" दादाने विचारलं.

"नट आवळतोय," गाडीखालून उत्तर आलं.

"जन्मभर नटच आवळतोयस. दुकान काढलंस, ते ढिलं झालं. संसार मांडलास, तोही ढिला झाला. ही गाडी तरी सुटी होऊन माझ्या डोक्यात पडणार नाही ना?"

वहिनी खिडकीतून म्हणाली, "डोक्यात पडली तर गाडीचंच नुकसान."

असे आमचे रविवार जायचे. भाईंदरजवळच्या शांती नगरात दादाचं घर, दोन गल्ल्या सोडून माझं. धाकटा बेव्हर्ली पार्कमध्ये भाड्याने राहायचा. त्याची बायको माहेरी गेली ती आलीच नव्हती, आणि हे सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायची दादाला सवय होती. दादाने नोकरीत सुपरवायझरकी केली होती. रिटायर झाल्यावर सुपरवायझरकी करायला आम्हीच उरलो.

गाडी कशासाठी, ते आधी सांगते. आमचं गाव रायगड जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी. गावदेवीचं देऊळ वर डोंगरात. मार्गशीर्षातल्या जत्रेत देवीपुढे पहिला नारळ आमच्या घरचा फुटतो. हा मान घरातल्या थोरल्या पुरुषाचा. वडलांनंतर तो दादाकडे आला. मानकऱ्याने डोंगराच्या तळाशी सीमेच्या दगडापाशी उतरायचं, अनवाणी उभं राहून दगडावर पाणी घालायचं, आणि मग वर जायचं. वाहन चालतं. आजोबा बैलगाडीतून जात, हे गावाला आठवतं. चालत नाहीत ते माणसांचे हात. चौघांनी उचलून न्यायचं ते मढ्याला, मानकऱ्याला नाही, असं गावकीचं म्हणणं. त्यामुळे खुर्चीत बसवून न्यायचा मार्ग बंद.

दादाचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. सपाटीवर काठी घेऊन चाले, पण डोंगर शक्य नव्हता. पूर्वी भाड्याच्या जीप देवळापर्यंत जायच्या. वरचा कच्चा रस्ता पावसात वाहून गेल्यावर जीपवाल्यांनी हात वर केले. दोन जत्रा दादाशिवाय झाल्या, नारळ गुरवाने ठेवला. मग गावकीचा निरोप आला की तिसरं वर्ष रिकामं गेलं तर मान आमच्या चुलत घराला जाईल.

"धाकट्याला पाठव," मी म्हटलं होतं.

तेही चाललं असतं. पण धाकट्याने एकदा नारळ फोडला की मान कायमचा त्याचा, थोरल्याकडे परत येत नाही. दादा म्हणाला, "त्याच्या हातात नारळ? त्याला नळाचं पाणी धड भरता येत नाही."

आणि मग त्याच धाकट्याला त्याने गाडी बनवायला लावली.

गाडी धाकट्याचीच. एका बांधकामाच्या साइटवर मुरूम आणि मुकादम वाहून थकलेली, आखूड बांध्याची, चारही चाकांना जोर देता येणारी जुनी एसयूव्ही. रंग कुठला होता ते ठरवावं लागे. आमचा नियम एक: नवीन काही विकत घ्यायचं नाही. मी यादी केली. गाडी उंच करायला चाकांवरच्या कमानींत एकेक जास्तीचा पाटा, भंगारातल्या पिकअपचा. खोल नक्षीचे टायर, वापरलेले. ते मडगार्डला घासतात म्हणून मडगार्ड कापायचे. इंजिनाच्या पोटाखाली जाड पत्रा. तो भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यातून भंगारात मिळाला. ओढ्यात पाणी शिरू नये म्हणून हवेची नळी छतापर्यंत वर न्यायची, त्यासाठी प्लंबरकडचा पाइप. खाडीकाठच्या राई गावातल्या एका ओळखीच्या घरातून होडीचा जाड दोर, गाडी अडकली तर ओढायला.

गाडी उंच केली की बाकीच्या गोष्टी तोकड्या पडतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात, शॉकअप तोकडे पडतात. माणसांचे पायही तोकडे पडतात. म्हणून यादीत शेवटची ओळ होती: फूटस्टेप, दोन्ही बाजूंना. वेल्डरने दोन नळ्या कापून, भोकं पाडून तयारही ठेवल्या होत्या.

दादाने यादी मागून घेतली, शेवटच्या ओळीवर पेन आडवं मारलं.

"हे काय?"

"फूटस्टेप. मला साडी नेसून चढायचंय."

"मग तू येऊ नकोस. पायऱ्या लावून रिक्षासारखी गाडी घेऊन जाणार गावात? भावकी बघत असते. म्हणेल, म्हातारा झाला."

"झालायसच," वहिनी आतून म्हणाली.

"तू तांदूळ बघ."

धाकटा गाडीखालून बाहेर आला, तोंड काळं, हातात पाना. "दादा, खरंच लागेल रे. गाडी जवळजवळ वीतभर वर गेलीय."

"तुला कुणी विचारलं? तू पाना धर."

त्याने पाना धरला.

दादाला हे पटायचं नाही याला कारण होतं. दादाच्या बिल्डिंगचा ओटा उंच, आणि गाडी ओट्याला घासून उभी असायची. दादाचं घर तळमजल्यावर, ओट्याच्याच पातळीला. तो खुर्चीतून उठायचा, काठी टेकत दोन पावलं टाकायचा आणि थेट सीटवर. उतरायचा तोही ओट्यावरच. बसून झालं की डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचा, "बघा. कुठे लागतेय पायरी?" गाडी जमिनीपासून किती वर आहे हे त्याच्या पायांना एकदाही कळलं नव्हतं.

चाचणी आम्ही राईच्या बाजूला घेतली, खाडीकाठच्या बांधांच्या पलीकडे, जिथे अजून इमारती आल्या नव्हत्या. दादा घरी राहिला, चिखल त्याच्या कामाचा नव्हता. गाडी पहिल्या झटक्यात रुतली. बांधावर एक गावकरी आजोबा कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "ही गारी न्हाय, म्हस हाय. चिखलान बसली त उठाची न्हाय." धाकट्याने लिव्हर ओढला, पुढच्या चाकांना जोर आला, आणि म्हैस उठली. आजोबांच्या अंगावर चिखलाची सर गेली. धाकटा एवढा मोठ्याने हसला की मला आश्चर्य वाटलं. तो हसतो हे मी विसरले होते.

परत येताना गाडी धाकटाच चालवत होता. मग एकदम म्हणाला, "ताई, मैदानाची भिंत आठवते?"

आठवत होती. आम्ही लहान असताना मुंबईत चाळीशेजारी मैदान होतं. कबड्डीचे सामने व्हायचे, तिकीट लावून. भिंत उंच. दादा म्हणायचा, "वाक." धाकटा भिंतीला डोकं लावून वाकायचा, दादा त्याच्या पाठीवर उभा राहून सामना बघायचा. अख्खा सामना. धाकट्याला फक्त आरडाओरडा ऐकू यायचा. कोण जिंकलं म्हणून त्याने विचारलं की दादा मुद्दाम हरलेल्या संघाचं नाव सांगायचा, आणि धाकटा ते चाळभर सांगत फिरून हसं करून घ्यायचा.

"मी एकही सामना बघितला नाही," धाकटा म्हणाला, आणि गिअर बदलला.

जत्रेच्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. वहिनी आली नाही. "मला वर्षातून एक दिवस सुट्टी मिळते," ती म्हणाली, "ती डोंगरात घालवू?" मी माझ्यासाठी निळं प्लास्टिकचं स्टूल मागे टाकलं होतं. दादाने बघितलं.

"ते उतरव. लग्नाला चाललोय का, वाढप्यांची स्टुलं घेऊन?"

स्टूल ओट्यावर राहिलं. मी तेव्हा ओट्यावरूनच बसले.

दादा पुढे, पांढरा झब्बा, कपाळाला गंध, मांडीवर पिशवीत नारळ. रस्ताभर धाकट्याचं ड्रायव्हिंग सुधारणं चालू होतं. ब्रेक उशिरा, हॉर्न लवकर, क्लचवर पाय, पायात वहाण कसली. गाडी वाटेत दोनदा थांबली. दादा उतरला नाही. पहिल्यांदा त्याला चहा खिडकीतून दिला, दुसऱ्यांदा रिकामी बाटली. मी मात्र उतरले, आणि परत चढताना हँडलला लोंबकळून, गुडघा आधी टाकून, परकर टर्रकन फाडून आत गेले. दादा आरशातून बघत होता.

"वजन कमी कर," तो म्हणाला.

गाव ओलांडलं, ओढा ओलांडला. ओढ्यात पाणी थोडंच होतं, प्लंबरच्या पाइपला काही काम पडलं नाही. पलीकडे सीमेचा दगड, शेंदूर लावलेला. तिथे गावकी उभी होती आणि चुलत घरही उभं होतं. चुलत भाऊ पायथ्याशी सोड्याचं दुकान लावतो, जत्रेपुरतं. तो सगळ्यांच्या पुढे, हाताची घडी घालून.

दादाने दार उघडलं, खाली बघितलं, आणि क्षणभर थांबला. मग सीटवरून घसरत, दाराला धरून उतरला. उतरणं जमलं, उतरायला वजन मदत करतं. चपला काढल्या, मातीत उभा राहिला. मी तांब्या दिला. त्याने दगडावर पाणी घातलं, हात जोडले. एवढं सगळं त्याने फार रुबाबात केलं. गावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने मान हलवली.

मग दादा गाडीकडे वळला.

वरच्या दांडीला धरलं. डावा पाय उचलला. तो दाराच्या उंबऱ्याच्या बराच खाली थांबला. उजवा उचलला, तो त्याहून खाली. मग पाठमोरा होऊन सीटवर बसायचा प्रयत्न केला. सीट त्याच्या पाठीला लागत होती. कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

चुलत भाऊ म्हणाला, "काय वो दादा, म्हमईला जिनं नसत्यात काय?"

धाकटा उतरून आला, हात पुढे केला. म्हाताऱ्याने काठी आडवी धरली. "हात लावायचा न्हाय. दगडाला पानी घातलाय आता. हात लागला तर मान ग्येला."

"मानकरी झाडावं चडवायचाय का गाडीत?" मागून एक आवाज. आता उघड हसू.

चुलत भाऊ दुकानात गेला आणि सोड्याचा रिकामा क्रेट घेऊन आला. दादाच्या पायाशी ठेवला. "घ्या. ह्याच्याव पाय द्या. माझा काय जात न्हाय."

क्रेट भक्कम होता. उंची बरोबर होती. मी स्वतः वाकून हलवून बघितला, डुगडुगत नव्हता. "दादा, चढ," मी म्हटलं.

"त्याच्या दुकानाच्या खोक्यावर?" दादाचा आवाज चढला. "उद्या गावभर सांगेल, मानकरी माझ्या सोड्याच्या क्रेटवरून देवीला गेला."

"सांगनारच," चुलत भाऊ म्हणाला.

दादा धाकट्याकडे वळला. सगळ्या गावासमोर, हळू आवाजात नव्हे.

"वाक."

धाकटा म्हणाला, "क्रेट आहे ना, दादा."

"वाक म्हणतोय ना."

धाकट्याने म्हाताऱ्याकडे बघितलं. "पाठ चालते?"

म्हाताऱ्याने विचार केला. "हात न्हाय म्हनलाय. पाठीचा कुनी कधी काय बोललेला न्हाय. चालंल."

धाकट्याने घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. दाराजवळ गेला, एक गुडघा टेकला, मग तळवे मातीत ठेवले. मोठा माणूस चार पायांवर, इस्त्रीचा शर्ट. दादाने दांडी धरली आणि पाय उचलला. तेवढ्यावर गप्प राहिला असता तर तो वर गेला असता.

"अजून खाली," दादा म्हणाला. मग गावकीकडे वळून, हसत: "लहानपणापासून एवढं एकच काम येतं त्याला."

धाकटा उठला. घाईने नाही. तळवे एकमेकांवर झाडले, गुडघ्यावरची माती झाडली. दादाचा पाय हवेतच होता, तो त्याने खाली ठेवला. धाकट्याने सीटवरची पिशवी उचलली, नारळ आहे ना ते चाचपून बघितलं, आणि गाडीला वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसला.

"कुठे चाललास?" दादाने विचारलं.

"नारळ फोडायला."

"वर गेलास तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही."

"ठेवावं लागेल. तुला तुझ्या ओट्यावर उतरवायचंय ना. दुसरीकडे तुला उतरता येत नाही." त्याने गाडी सुरू केली, मग खिडकीतून बाहेर वाकला. "फूटस्टेप कुणी खोडली, दादा?"

म्हाताऱ्याने काठी बाजूला घेतली, घरचं पाणी दगडाला लागलं होतं. गाडी निघाली.

ती कशी चढली हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण काम चोख झालं होतं. पहिल्या वळणावर रस्ता नव्हताच, नुसते दगड. पोटाखालचा पत्रा दगडावर आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला आणि गाडी पुढे गेली. दुसऱ्या वळणावर मागचं एक चाक हवेत उचललं गेलं, कमानी वाकल्या, चाक परत टेकलं. जीपवाल्यांनी सोडून दिलेली वाट ती म्हैस एका दमात चढत होती. गावातली पोरं पाठीमागे ओरडत धावली. माझ्या शेजारी दादा दगडाला टेकून उभा होता, अनवाणी, आणि पुटपुटत होता, "दुसऱ्यात टाक. दुसऱ्यात टाक, गाढवा. हां." गाडी झाडीआड गेली तरी त्याची मान वरच होती.

सगळे वर निघून गेले. चुलत भावाने क्रेट उचलून नेला, गिऱ्हाइकांची वेळ होती. मी दादाला दगडापासून बाजूला, सावलीत घेतलं. आता हात लावायला हरकत उरली नव्हती.

थोड्या वेळाने वर ढोल सुरू झाला. मग थांबला. नारळ फुटताना ढोल थांबतो. मग पुन्हा सुरू झाला.

दादा म्हणाला, "तू तरी वाकायचं होतंस."

मी पर्समधून पाकीट काढलं. "दुपारची गोळी घे."

त्याने घेतली.

गाडी उतरून आली तेव्हा बोनेटवर झेंडूची माळ होती. धाकट्याच्या कपाळाला मोठा टिळा. म्हाताऱ्याने आता धाकट्याला नमस्कार केला आणि दादाकडे बोट दाखवून चुलत भावांना म्हणाला, "ह्यांना चडवा की रं. बघताय काय?"

चौघे आले. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी मांड्या धरल्या, आणि दादाला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. चुलत भाऊ हात झटकत म्हणाला, "जड हायत. म्हमईचा पानी." मी पुढे बसले. या वेळी क्रेटवरून. त्यासाठी चुलत भावाचे आभारही मानले.

परतीच्या वाटेवर धाकट्याचा ब्रेक उशिरा लागत होता, हॉर्न लवकर वाजत होता, आणि मागून एक शब्द येत नव्हता. दादाच्या मांडीवर त्याला दिलेली नारळाची वाटी होती. ती त्याने टाकलीही नाही, खाल्लीही नाही.

शांती नगरात गाडी ओट्याला लागली. दादा उठला, दोन पावलं टाकली, आणि घरात गेला. कुठलीच अडचण नाही. वहिनीने त्याच्या हातातली वाटी बघितली, मग स्टिअरिंगवरच्या धाकट्याच्या कपाळावरचा टिळा बघितला. वाटीला नख लावून बघितलं.

"खोबरं चांगलं आहे," ती म्हणाली. "चटणी करते."

त्यानंतर दोन जत्रा झाल्या. नारळ धाकटा फोडतो, मी बरोबर जाते. दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसतो, आम्ही निघताना घड्याळात बघतो, आणि कुठे जाताय म्हणून विचारत नाही. गेल्या वर्षी माझाही डावा गुडघा बोलू लागला. हँडलला लोंबकळून चढणं आता जमत नाही, आणि क्रेट फक्त गावात मिळतो.

मी धाकट्याला सांगितलं, "त्या फूटस्टेप लावून घे. तासाभराचं काम आहे."

"दादाला विचार," धाकटा म्हणाला. "खोडलंय त्याने. त्याने सही करून परत घालू दे."

"तू विचार."

"मी मानकरी आहे. मी कशाला विचारू?"

तो हसला, राईला चिखलात हसला होता तसा. हसणं मला आवडलं नाही.

नळ्या माझ्याकडे चपलांच्या कपाटामागे उभ्या आहेत, गंजू नयेत म्हणून तेल लावून. बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. जत्रा पुढच्या महिन्यात आहे. दादाला विचारायचं आहे.